माझ्यापुढच्या काउबॉय हॅटीस अनावृत पत्र

रा. रा. हॅटवाले यांस,

सा. न. वि. वि.

गेल्या शनिवारी संध्याकाळी, ओहायोतल्या एका उघड्या रंगमंचासमोरच्या हिरवळीवर, कंट्री म्युझिकच्या कार्यक्रमाला आपण माझ्या बरोबर पुढे होतात. आपलं नाव मला ठाऊक नाही आणि चेहराही धड आठवत नाही. हॅट मात्र अशी पाठ झाली आहे, की पोलिसांनी विचारलं तर वर्णन लिहून देईन. गवती विणीची, पट्ट्यात कुठल्याशा कोंबड्याचं पीस खोचलेली. घाम पुसायला आपण ती एकदा काढलीत तेव्हा आतलं अर्धवट सोललेलं किमतीचं लेबलही दिसलं. शेवटचे नव्व्याण्णव सेंट तेवढे वाचता आले.

हिरवळीला उतार असतो, मागच्यांनाही सगळं दिसतं, असं तिकीट काढताना वाचलं होतं. माझी उंची पाच फूट एक इंच. त्यात घरची खुर्ची आत न्यायला मनाई, म्हणून भाड्याने घेतलेली ती वीतभर उंचीची खुर्ची. तिच्यात बसलं की गुडघे हनुवटीला लागतात. त्यामुळे आपण जागेवर असताना रंगमंच मला एकदाच पूर्ण दिसला, राष्ट्रगीताच्या वेळी. आपण हॅट उतरवून छातीशी धरलीत. आपल्या देशभक्तीबद्दल माझ्याइतकं कृतज्ञ त्या मैदानात कोणी नसेल.

जूनमध्ये इथे नऊ वाजेपर्यंत सूर्य जायचं नाव घेत नाही, तोवर हॅटीला निदान काम तरी होतं. पण पुढे काजवे चमकायला लागले, डासांनी पंगत मांडली, तरी ती डोक्यावरच! चंद्रप्रकाशाने कातडी भाजते का हो आपल्याकडे?

मुख्य गायक यायच्या आधी आपण मागे वळून अगत्याने विचारलंत, "पहिल्यांदाच का?" आणि उत्तराची वाट न पाहता म्हणालात, "खऱ्या अमेरिकेत तुमचं स्वागत!" माझा मुलगा याच राज्यात जन्मून, शिकून, नोकरीला लागला, इतकी वर्षं मी कुठल्या खोट्या अमेरिकेत कर भरत होते कोण जाणे. मग आपण सांगितलंत की आपण विम्याच्या धंद्यात आहात, आणि राहता त्या उपनगरात गाय फक्त दुधाच्या खोक्यावर दिसते.

विमा म्हटल्यावर आपल्याबद्दलचा माझा आदर दुणावला. थट्टा नाही. नॅशव्हिलचा ग्रँड ओल ऑप्री हा कार्यक्रम, म्हणजे या संगीताची पंढरी, 1925 साली सुरू झाला तो एका विमा कंपनीच्या रेडिओ केंद्रावरून. केंद्राचं नाव डब्ल्यूएसएम. ती अक्षरंसुद्धा कंपनीच्या 'वी शील्ड मिलियन्स' या घोषवाक्याची. तिथे जॉर्ज हे नावाचे निवेदक होते. वादक सूट-टाय घालून यायचे, ते काही त्यांच्या पसंतीला उतरेना. त्या वादकांतले हम्फ्री बेट हे शिकलेसवरलेले डॉक्टर. त्यांच्या वाद्यवृंदाचं नाव पडलं 'पॉसम हंटर्स'. मंडळींना शेतकरी कपडे चढवून फोटो काढले गेले. तेव्हा विमेवाल्याने गावकऱ्याचं सोंग घेणं ही भेसळ नव्हेच, तो या कलेचा पाया आहे. आपल्याइतका अस्सल माणूस त्या हिरवळीवर दुसरा नसावा.

राहता राहिली हॅट. जॉन स्टेटसन यांनी 'बॉस ऑफ द प्लेन्स' नावाची जी हॅट 1865 मध्ये काढली, ती फिलाडेल्फियात, भर शहरात. गुरं वळायची विद्या, दोर आणि खोगीर मेक्सिकन गुराख्यांकडून आलं. बँजो आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या माणसांनी भोपळ्याला तारा लावून घडवला. हँक विल्यम्सला गिटार शिकवली रूफस पेन या रस्त्यावर वाजवणाऱ्या काळ्या वादकाने. आणि ऑप्रीच्या सुरुवातीच्या ताऱ्यांपैकी एक होता डीफोर्ड बेली, काळा माउथऑर्गनवाला. 1941 मध्ये त्याला काढून टाकलं. हे सगळे येऊन गेल्यावरच आपली खरी अमेरिका तयार झाली, आणि दारावर स्वागताला आपण उभे!

त्या रात्री अर्धा वेळ ज्या गाण्यांत गेला त्यांत पिकअप ट्रक, बिअर आणि पुन्हा ट्रक यापलीकडे काही नव्हतं. ढोल असा की खुर्चीच्या नळ्या थरथरत होत्या. मग एकदम सगळं थांबलं आणि सोडून गेलेल्या बायकोचं एक संथ गाणं सुरू झालं. त्यात पेडल स्टील गिटार होती. मांडीसमोर आडवी, डाव्या हातात तारांवरून सरकणारी पोलादी कांडी, खाली पायाने दाबायच्या पट्ट्या, गुडघ्याने ढकलायचे खटके. हे मला रंगमंचाशेजारच्या मोठ्या पडद्यावर दिसलं. तिच्यातून स्वरावरून स्वरावर जी घसरण निघते तिला आम्ही मींड म्हणतो. स्टील गिटार मुळात हवाई बेटांवरची. तिकडून ती आमच्याकडेही आली, हिंदी सिनेमातल्या गाण्यांत रुळली, आणि ब्रिजभूषण काब्रांनी तिच्यावर राग वाजवले. 'कॉल ऑफ द व्हॅली' ही ध्वनिमुद्रिका आमच्या घरी झिजेपर्यंत वाजली आहे. बासरी आणि संतूर यांच्या जोडीला गिटार आहे ती काब्रांचीच. म्हणून त्या गाण्याला माझे डोळे भरले. आपण मात्र नेमके तेव्हा बिअर आणायला गेला होतात. त्याबद्दल आभार. तेवढं एक गाणं निर्वेध ऐकायला मिळालं.

"तुमच्याकडे असं काही असतं का?" हाही आपला प्रश्न होता. असतं. पाडव्याच्या सुमारास नारायणगावला तमाशाच्या फडांच्या राहुट्या पडतात, गावोगावचे पुढारी येऊन सुपारी देतात, आणि उन्हाळाभर जत्रांमधून उघड्यावर रात्र जागते. गण होतो, गवळण होते, वग पहाटेपर्यंत चालतो. सोंगाचं म्हणाल तर त्यातही आम्ही मागे नाही. लग्नात भाड्याचे फेटे बांधून आयटीतले आमचे भाचेही तासाभरासाठी मावळे होतात. फरक इतकाच, की तमाशात पुढचा फेटा आड आला तर मागून आरोळी येते, "ए फेटा, खाली बस!" आणि फेटा बसतो. इंग्रजीत ही आरोळी सभ्यपणे कशी ठोकायची ते मला जमलं नाही, म्हणून हे पत्र.

तरी विनंती अशी, की पुढच्या खेपेला सूर्य मावळला की हॅट काढावी. ती काठावर ठेवू नये. काठ सपाट होतो म्हणून जाणते काउबॉय ती उलटी, माथ्यावर ठेवतात, हे आपल्यासारख्याला मी काय सांगावं. फक्त हिरवळीवर मुंग्या फार आहेत, उचलून डोक्यावर घालताना एकदा झटकून घ्या.

आपली,
मागच्या खुर्चीवरची