शेवटच्या कदंबाआधी क्रांती

गोव्याच्या विद्यार्थ्यांनी एकेकाळी सरकारला घाम फोडला होता, हे आजच्या पोरांना सांगितले तर ती आपल्याकडे कीव आल्यासारखी बघतात. बसभाड्यात 50 टक्के सवलत हवी म्हणून 1978-79 मध्ये कॉलेजे ओस पडली, रस्ते भरले. बसगाड्या खासगी मालकांच्या, मुख्यमंत्री शशिकला काकोडकर, आणि विद्यापीठ? ते मुंबईला! कुलगुरूंना घेराव घालायचा तर मुंबई गाठावी लागली असती, तीही पूर्ण तिकीट काढून. म्हणून पोरांनी थेट सरकारलाच धरले. सवलत मिळाली. एप्रिल 1979 मध्ये सरकारही पडले. पण ते पाडण्याचे पुण्य आमदारांचे, पोरांचे नव्हे.

पुढे 1980 मध्ये सरकारी बसगाड्यांचे कदंबा महामंडळ आले, 1985 मध्ये घरचे विद्यापीठ. ते ताळगावच्या पठारावर बांधले. जागा निवडणाऱ्याला आमचा साष्टांग नमस्कार. विर्नोड्याच्या कॉलेजातला क्रांतिकारक पेडण्याहून निघून म्हापशाला बस बदलतो, पणजीच्या स्थानकावर त्याला डिचोलीचा साथी भेटतो, आणि दोघे तिसरी बस धरून विद्यापीठाच्या फाटकाशी पोचतात तेव्हा घोषणेआधी पाणी लागते. दोन-चार ‘झिंदाबाद’ होतात न होतात, तोच कुणीतरी घड्याळ बघतो. शेवटची कदंबा चुकली तर घरी आईची चौकशी समिती बसलेलीच असते. अशा ठिकाणी पोलिस बोलवायचे कशाला? वेळापत्रक पुरते.

समितीवरून आठवले. मार्च 2025 मध्ये याच विद्यापीठातल्या भौतिकशास्त्राच्या एका प्राध्यापकावर प्रश्नपत्रिका चोरून विद्यार्थिनीला पुरवल्याचा आरोप झाला. विद्यार्थी संघटना पठारावर धावल्या. प्राध्यापक निलंबित झाला आणि समिती नेमली गेली. समितीला घाई नसते. विद्यार्थ्याला असते, तो सहाव्या सत्रानंतर पास होऊन नोकरी शोधायला जातो, आणि त्याचा राग त्याच्याबरोबर जातो. नव्या तुकडीला पहिल्यापासून चिडावे लागते.

आणि निवडणूक लढवून रीतसर नेता व्हायचे तर विद्यार्थी निवडणुकांसाठी लिंगडोह समितीचे 2006 चे नियम आहेत. खर्च 5,000 रुपयांच्या आत (आमच्याकडे पंचायतीच्या उमेदवाराचा तेवढ्यात चहाही होत नाही), छापील पोस्टर बंद, आणि हजेरी 75 टक्के. मोर्चाच्या दिवशी गैरहजेरीच लागते. तेव्हा विद्यार्थ्यांचे नेतृत्व करायचे असेल, तर मोर्चा टाळून वर्गात बसावे हे बरे. बरेचजण बसतातही.