नकाराचं शेपूट कसं धरावं

इंग्लंडात मुलीकडे नाहीतर मुलाकडे राहायला निघालेल्या मराठी आईबापांना तयारीच्या याद्या द्यायला माणसांची कमी नाही. भाजणी किती न्यावी, लोणच्याची बरणी कशात गुंडाळावी, गुडघ्याच्या गोळ्या कुठल्या बॅगेत ठेवाव्यात, हे सोसायटीतला कोणीही उभ्या उभ्या सांगतो. तिथे सहा महिन्यांच्या व्हिसावर बसून इंग्रजांचा नकार कसा ऐकावा, हे मात्र कोणी सांगत नाही. ती उणीव दूर करण्यासाठी हे मार्गदर्शन. लेखकाची पात्रता: दहावीला ३२ वर्षं इंग्रजी शिकवलं, आणि मुलीच्या शेजारीणबाईंसमोर तीनदा तोंडावर आपटला.

पूर्वतयारी म्हणून शाळेतलं सामान घरीच ठेवा. आपण शिकलो (आणि मी शिकवलं) त्या इंग्रजीत नकार एका खणात असतो आणि प्रिपोझिशन दुसऱ्या. नकाराच्या खणात 'नो सूनर' आणि 'दॅन', 'टू' काढून वाक्य पुन्हा लिहा, अर्थ न बदलता नकारार्थी करा. प्रिपोझिशनच्या खणात गाळलेल्या जागा. ही दोन मंडळी एकाच वाक्यात भेटली, म्हणजे नकाराला प्रिपोझिशनचं शेपूट लागलं, की संगनमत करतात, हे आम्हाला कधी कोणी कळवलं नाही. 'अर्थ न बदलता' हे शब्द तर विमानातून उतरताच विसरून जावेत.

सरावाला 'केअर फॉर' घ्या. "आय केअर फॉर माय मदर-इन-लॉ" असं एखादी सून म्हणाली तर ती सासूचं औषधपाणी बघते, उठबस करते. आता नियमाप्रमाणे त्यात 'डोन्ट' घाला. माझा कुठलाही विद्यार्थी सांगेल, सून सेवा करत नाही. इंग्रज मात्र सहसा ऐकतो ते असं, की सुनेला सासू आवडत नाही. सेवा चालू असेल, नसेल, त्याबद्दल वाक्य गप्प आहे. म्हणजे एकीकडे होकारी वाक्य आणि दुसरीकडे नकारी, दोन्ही एकाच घरात, एकाच सुनेच्या तोंडी, एकाच दुपारी खरी असू शकतात. (घर इंग्लंडातलंच असलं पाहिजे असंही नाही.) आता 'फॉर' काढून 'अबाउट' लावा. "डोन्ट केअर अबाउट" म्हणजे तमा नाही, ती जगो की मरो. 'फॉर'मध्ये नावड आहे, 'अबाउट'मध्ये बेपर्वाई, आणि दोघांच्या पुढे 'डोन्ट' तोच.

हे मला पोचल्यावर नवव्या दिवशी समजलं. शेजारीणबाई ऱ्हुबार्बचा गोड पदार्थ घेऊन आल्या. ऱ्हुबार्ब म्हणजे लालसर आंबट देठ. साखरेशिवाय ते तोंडात धरवत नाहीत. मुलगी मागून खुणावत होती, बाबा, तुमची शुगर! मी बाणेदारपणे म्हणालो, "आय डोन्ट केअर फॉर शुगर." मला म्हणायचं होतं, साखरेची पर्वा कोण करतो, वाढा. बाईंना कळलं, ह्या गृहस्थांना गोड आवडत नाही. त्या हळहळल्या, ताट परत घेऊन गेल्या आणि दुसऱ्या दिवशी खास माझ्यासाठी बिनसाखरेचं केलेलं घेऊन आल्या. बाई मनाने फार चांगल्या. सहा आठवडे, दर मंगळवारी, मी ते देठ खाल्ले. त्यांच्यापुढे अंबाडी म्हणजे बासुंदी.

कृतीचा पुढचा टप्पा 'थिंक ऑफ'. वरवर अर्थ एकच, विचार करणे. "आय डिडन्ट थिंक ऑफ इट" म्हणजे मला सुचलंच नाही. "आय वुडन्ट थिंक ऑफ इट" म्हणजे छे, असलं माझ्या मनातसुद्धा येणार नाही. "आय डोन्ट थिंक मच ऑफ इट" म्हणजे मला काही ते खास वाटलं नाही. पहिल्यात खंत, दुसऱ्यात बाणा, तिसऱ्यात नापसंती. विचार करण्याचा संबंध एकातही फारसा नाही. माझ्या चकल्यांबद्दल गल्लीतल्या एका आजोबांनी तिसरं वाक्य उच्चारलं, तेव्हा मी त्यांना समजुतीच्या सुरात म्हणालो, "नो नीड टू थिंक, जस्ट ईट." हे टाळावं.

'ऑन'बाबत विशेष खबरदारी. कुंपणापलीकडून एखाद्या बाई "आय हॅवन्ट गॉट एनिथिंग ऑन" म्हणाल्या, तर लगेच पाठ फिरवून घरात पळू नये. अंगावर काही नाही असा त्याचा एक अर्थ होतो हे खरं; पण दुसरा अर्थ 'मी मोकळी आहे, काही कार्यक्रम नाही' असा आहे, आणि बहुधा मागोमाग 'धिस सॅटर्डे' येतं. तोपर्यंत चेहरा स्थिर ठेवावा. मी पळालो होतो. बाईंना वाटलं, शनिवारी चहाला बोलावलेलं मला रुचलं नाही.

'स्टँड फॉर'मध्ये धोका कमी, गंमत जास्त. 'स्टँड फॉर पार्लमेंट' म्हणजे तिथल्या रीतीने निवडणुकीला उभं राहणं. "आय वोन्ट स्टँड फॉर इट" म्हणजे मी हे खपवून घेणार नाही. उभा कोणीच राहत नाही.

वेळेचं शेपूट आणखी निसरडं. "ही डिडन्ट स्पीक फॉर लाँग" म्हणजे तो थोडाच वेळ बोलला. "ही डिडन्ट स्पीक फॉर अ लाँग टाइम" म्हणजे बहुधा तो बराच वेळ बोललाच नाही. पहिल्या माणसाला सत्काराला अध्यक्ष म्हणून बोलवावं, दुसऱ्याला डॉक्टरकडे न्यावं. फरक 'अ' आणि 'टाइम' ह्या दोन निरुपद्रवी शब्दांचा.

काही शेपटं तर नकाराशिवाय हलतच नाहीत. "आय हॅवन्ट सीन हिम इन इयर्स", कित्येक वर्षांत त्याला पाहिलं नाही. यातला नकार काढून "आय हॅव सीन हिम इन इयर्स" म्हणा, इंग्रज भुवया उंचावेल. "आय वुडन्ट पुट इट पास्ट हिम", म्हणजे तो तेही करायला कमी करणार नाही. हेही साध्या होकारात कोणी म्हणत नाही. यावर आपण नाक मुरडायचं कारण नाही. आपल्या घरात 'सुतराम' आहे. "माझा त्याच्याशी सुतराम संबंध आहे" असं म्हणणारा मराठी माणूस मला भेटायचा आहे.

आता आपली खोड. "तो येत नाही तोपर्यंत मी जेवणार नाही" हे वाक्य मराठीत निर्दोष आहे, दोन्हीकडे नकार आहे आणि कोणाचं पोट दुखत नाही. तेच उचलून "अंटिल ही डझन्ट कम, आय वोन्ट ईट" केलं की इंग्रज चमकतो. त्याच्या 'अंटिल'मध्ये 'येत नाही' आधीच मुरलेलं असतं. आपण ते पुन्हा घालतो, चहात साखर घालून झाल्यावर दुसऱ्याने घालावी तसं. मी ३२ वर्षं ह्या चुकीला लाल पेन लावलं आणि हीथ्रोवर उतरल्यावर पहिल्या तासात तीच केली.

इंग्रजांचा 'नॉट' असा का वागतो, याची चौकशी एका डॅनिश माणसाने केली. ओटो येस्पर्सन ह्या पंडिताने १९१७ साली इंग्रजी आणि इतर भाषांतल्या नकारावर स्वतंत्र पुस्तक लिहिलं. जुन्या इंग्रजीत क्रियापदाच्या आधी नुसतं 'ने' असायचं. ते झिजलं, तेव्हा टेकू म्हणून मागून 'नॉट' आलं. मग 'ने' गेलं, 'नॉट' उरलं, त्याला धरायला पुढे 'डू' आला आणि बोलता बोलता 'नॉट'चं पुन्हा 'न्ट' झालं. त्यातला 'ट'ही लोक घाईत गिळतात. त्यामुळे दक्षिण इंग्लंडात शेपटाआधी स्वर ऐकावा: 'कॅन' आखूड, 'कान्ट' लांब. 'आ' लांबला की तुमचं काम होत नाही असं समजून छत्री उचलावी.

रॉबर्ट लोथ नावाच्या धर्मगुरूंनी अठराव्या शतकातल्या आपल्या व्याकरणात सांगून ठेवलंय की इंग्रजीत दोन नकार एकमेकांना मारतात. ते पुढे लंडनचे बिशपही झाले. 'कान्ट डू विदाउट' म्हणजे त्याच्यावाचून चालत नाही, इथपर्यंत त्यांचा हिशेब जुळतो. पण "ही डिडन्ट रिझाइन बिकॉज ऑफ द स्कँडल" ह्या वाक्यात नकार एकच, आणि तरी अर्थ दोन: घोटाळ्यामुळे त्याने राजीनामा दिला नाही, की दिला, पण घोटाळ्यामुळे नव्हे? इंग्रज ते आवाजाच्या चढउताराने सांगतो, लिहिताना स्वल्पविरामाने. आपल्याला 'नाही' आणि 'नव्हे' वेगळे मिळाले आहेत. शिवाय हातात 'नको' आहे, 'नये' आहे. बिचाऱ्यांकडे एक 'नॉट', म्हणून तो प्रत्येक दारात वेगळा वेश घालून जातो. माझं हे मत भाषाशास्त्राला मान्य होईल असा दावा नाही.

हे सगळं पाठ करणं जमत नसेल, तर आमच्या हिची पद्धत वापरून पाहावी. ही समोरच्याचं वाक्य संपू देते, मग विचारते, "येस ऑर नो?" पहिल्या महिन्यात गल्ली हबकली. दुसऱ्या महिन्यापासून हिच्याशी सगळे सुटसुटीत बोलायला लागले आणि माझ्याशी मात्र 'वुडन्ट' आणि 'क्वाइट' घालून, कारण मी इंग्रजीचा मास्तर.

निघायच्या दिवशी टॅक्सी दारात उभी होती. शेजारीणबाई धावत आल्या, हिचे दोन्ही हात धरले आणि डोळे पुसत म्हणाल्या, "आय कान्ट वेट फॉर यू टू कम बॅक." हिने माझ्याकडे पाहिलं. सवयीने मी शब्दाला शब्द लावून गेलो, "म्हणतायत, तू परत येईपर्यंत मला थांबता येणार नाही."

"मग जाऊ दे की त्यांना," ही म्हणाली. "गॅसवर दूध असेल."