चार वाव पाणी

समुद्रात बुडी मारायला येणाऱ्यांत एक जमात अशी असते, की तिला मासे दाखवा, प्रवाळ दाखवा, डोळे मनगटावरच्या आकड्यावरच. डिसेंबरात तारकर्लीच्या होडीत हा गृहस्थ हमखास भेटतो. सत्तरीला टेकलेला, निवृत्त इंजिनिअर, पुण्याचा (ठाण्यात राहत असला तरी पुण्याचाच). मुलाकडे फ्लोरिडाला गेला असताना स्कूबाचा कोर्स केला, तो फुटांत आणि पीएसआयमध्ये. बुडी मारायची आहे मीटरांत आणि बारमध्ये. पाण्यातला त्याचा सगळा वेळ ह्या दोन्हींचा मेळ घालण्यात जातो.

मूळ लहानपणात आहे. १ एप्रिल १९५७ला नवे पैसे आले आणि पुढच्या वर्षीच्या ऑक्टोबरपासून टप्प्याटप्प्याने किलो नि मीटर. आजी शेर-पायलीत बोलायची, दुकानदार ग्रॅममध्ये तोलायचा, आणि दोघांच्या मधे हा हुशार नातू उभा: एक आणा म्हणजे सव्वासहा पैसे! त्या वयात मिळालेली शाबासकी भलती टिकाऊ असते. आजही पेट्रोलपंपावरच्या पोराने ‘बत्तीस मारू?’ विचारलं की हा काच खाली करून ‘दोन पूर्णांक दोन बार’ सांगतो, आणि मागच्या गाड्या हॉर्न वाजवतात. डॉक्टरांनी वरचा रक्तदाब १२० सांगितला, की ‘म्हणजे पाण्याच्या हिशेबात एक मीटर त्रेसष्ट सेंटिमीटर’ असं त्यांनाच ऐकवतो.

समुद्र ह्या माणसासाठीच केला असावा. अमेरिकेत शिकवतात, दर ३३ फुटांना एक वातावरणाइतका दाब वाढतो. बाकीचं जग म्हणतं, दर १० मीटरला एक बार. चालून जातं. समुद्राला चालतं, माशांना चालतं, ह्याला चालत नाही. कारण ३३ फूट म्हणजे १०.०६ मीटर आणि एक वातावरण म्हणजे १.०१३ बार. ह्या सहा सेंटिमीटरांनी त्याची झोप उडवलेली असते. त्यात गोड्या पाण्यात ३३चे ३४ फूट होतात, म्हणून सरावाच्या टाकीतही उतरण्यापूर्वी ‘क्लोरीनने घनता किती बदलते?’ हा प्रश्न ठरलेला.

होडीत त्याचा खरा दिवस उगवतो. कॉम्प्रेसरवाला म्हणतो, ‘दोनशे किलो भरलंय.’ सिलिंडरला लावलेलं गेज पीएसआयचं. मनगटावरचं यंत्र मीटरांत. हा खिशातून प्लॅस्टिकचा कागद काढतो, त्यावर बारीक अक्षरात कोष्टक. कमरेला शिसं किती, तर ‘बारा.’ हे बारा पौंड, पण इथे शिसं किलोत. बारा किलो लावले असते तर गृहस्थ वर यायला ओहोटीची वाट बघत बसले असते. शिकवणारा मालवणी पोरगा काही न बोलता सहा अडकवतो.

मग नावाड्याला प्रश्न: ‘इथे खोली किती?’

‘चार वाव पाणी आसा.’

दोन हात पसरल्यावर एका बोटापासून दुसऱ्या बोटापर्यंत एक वाव, म्हणजे साधारण सहा फूट. चारचे चोवीस फूट, सात मीटर बत्तीस. इथवर ठीक. पण हा विचारतो, ‘कुणाच्या हातांनी?’

नावाडी त्याच्याकडे जरा वेळ बघतो. ‘माझ्या. आणि भरती इली काय पाच.’

होडी हलायला लागते, बाजूच्या नवविवाहित जोडप्याचे चेहरे हिरवे पडतात, आणि हा त्यांना १९८३ सालचं एअर कॅनडाचं विमान सांगायला घेतो. किलोच्या जागी पौंड धरून इंधन भरलं, ते एक्केचाळीस हजार फुटांवर संपलं. विमान तरंगत सुखरूप उतरलं, पण तो भाग येईपर्यंत नवरा काठावरून वाकलेला असतो. तरी हा गेज दाब आणि एकूण दाब ह्यांतला फरक समजावतोच. वर हवेचा एक बार आधीच आपल्या डोक्यावर असतो. म्हणून दहा मीटरवर दोन बार, वीसवर तीन. ‘कुकरची शिट्टी होते ना, तेव्हा आत एकूण दोनच बार असतात.’

‘म्हणजे खाली आपण शिजतो?’ ती बिचारी विचारते.

सात मीटरवर एकूण १.७ बार. मिनिटाला वीस लिटर श्वास, तर तिथे चौतीस. सिलिंडर ११.१ लिटरचं, दोनशेतून राखीव पन्नास बार वजा, म्हणजे हवा एकोणपन्नास मिनिटांची. हिशेबात कुठेही चूक नाही. फक्त मिनिटाला वीस लिटर हा शांत माणसाचा श्वास. खाली गेल्यावर बार, पीएसआय आणि फूट एकदम आठवणारा माणूस भात्यासारखा ओढतो.

पोरगा तळहातावर दोन बोटं टेकवून विचारतो, हवा किती? ह्याच्या गेजवर १८००. हा एक आणि आठ दाखवतो. पोरगा १८० बार समजून चमकतो, एवढी कशी? हा ओळखतो, हात हलवून खोडतो, डोळे मिटून भागाकार करतो आणि एक-दोन-चार दाखवतो. तेवढ्यात काटा १७००वर आलेला असतो, म्हणून पुन्हा खोडतो. शेवटी पोरगा ते गेज स्वतःच्या हातात घेऊन बघतो आणि सोडून देतो. मधून एक भलंमोठं कासव निघून गेलं, हे बाकी सगळ्यांनी पाहिलं.

सव्विसाव्या मिनिटाला हे गृहस्थ वर. उरलेल्या तेवीस मिनिटांचा खुलासा किनाऱ्यापर्यंत चालतो. पाण्याची घनता, गेजमधली त्रुटी, शेवटी नावाड्याच्या हातांची लांबी.

वाळूत छत्री धरून बायको बसलेली असते. ‘कानांवर फार दाब आला का हो?’

‘कुठला म्हणतेस? गेजवरचा की एकूण?’

‘सुरमईच्या दोन तुकड्या सांगितल्यात जेवायला,’ ती टॉवेल पुढे करते. ‘त्यांचे औंस करायचे असतील तर आत्ताच करा. गरम खायच्यात.’