नायकाला माफी मिळवून द्या : नवोदित लेखकांसाठी पाच सोप्या पायऱ्या

खपणारी प्रेमकथा लिहायची तर जोडी बरोबरीची नको. एक राजा आणि एक आश्रमकन्या, एक मालक आणि एक मोलकरीण, एक बॉस आणि त्याच्याच पगारावर घर चालवणारी मुलगी. पूर्वार्धात नायकाला काहीतरी अक्षम्य करू द्या, त्याशिवाय गोष्ट हलत नाही. नवोदितांची पंचाईत होते ती उत्तरार्धात. याला धुऊनपुसून बोहल्यावर चढवायचा कसा? घाबरू नका, पूर्वसूरींनी सगळं करून ठेवलंय.

पायरी १ : आधी शाप शोधा

महाभारताच्या आदिपर्वातला दुष्यंत म्हणजे नायक कसा नसावा याचा नमुना. तिथे शाप नाही, हरवलेली अंगठी नाही, मासाही नाही. होणारा मुलगा युवराज होईल, ही अट शकुंतला लग्नाआधीच घालते आणि राजा ती कबूल करतो. पुढे ती मुलाला घेऊन दरबारात येते तेव्हा त्याला सगळं आठवत असतं, तरी तो ओळख देत नाही, वर तिच्या आईचाही उद्धार करतो. तीही गप्प बसत नाही, भर दरबारात त्याला खडे बोल सुनावते. अखेर आकाशवाणी होते आणि राजा सांगतो, मला ठाऊक होतंच, लोकांनी संशय घेऊ नये म्हणून असं वागलो. एवढ्यावरच थांबत नाही. ती रागाच्या भरात जे बोलली, त्याबद्दल तोच तिला क्षमा करतो!

असा नायक वाचकाच्या घशाखाली उतरायचा नाही. म्हणून कालिदासाने आपल्या नाटकात दुर्वास ऋषी आणला. आता राजा विसरला तो शापामुळे, शाप दिला तो ऋषीने आणि ऋषी भडकला तो शकुंतला तंद्रीत राहिली म्हणून. तीन उड्यांत दोष राजाच्या खात्यातून तिच्या खात्यावर! १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी पुण्यात हेच नाटक मराठीत संगीतासह उभं केलं आणि आपली संगीत रंगभूमी जोरात सुरू झाली. हात झटकलेला नायक किती चालतो याला आणखी पुरावा नको.

ऋषी परवडत नसेल तर अपघातात गेलेली स्मृती, कारस्थानी आत्या किंवा दुःखी बालपण, काहीही चालेल.

पायरी २ : पश्चात्ताप पोटभर, भरपाई शून्य

कालिदासाच्या सहाव्या अंकातला दुष्यंत अभ्यासा. तो वसंतोत्सव बंद करवतो, तिचं चित्र रंगवतो, त्या चित्रातल्या भुंग्याला दम देतो, मूर्च्छित पडतो. तिला शोधायला कुणी निघाल्याचं मात्र दिसत नाही. पुढची भेट होते ती इंद्राच्या कामगिरीवरून परतताना, वाटेत. लक्षात ठेवा, रडणं नायकाने करायचं आणि पाहणं प्रेक्षकांनी. जिच्यासाठी रडायचं तिची हजेरी लागत नाही.

अंगठी शोधून देणारा कोळी मात्र शिपायांचा मार खातो आणि बक्षिसातला अर्धा वाटाही त्यांनाच देतो. गरिबाची चौकशी अशी तातडीने होते. राजाची सातव्या अंकापर्यंत पुढे ढकला.

पायरी ३ : सुधारणेचं काम नायिकेवर टाका

सॅम्युएल रिचर्डसनची ‘पॅमेला’ (१७४०) पाहा. मालक असलेला मिस्टर बी. पंधरा-सोळा वर्षांच्या मोलकरणीच्या मागे लागतो, तिला दुसऱ्या वाड्यात कोंडतो, तिची पत्रं बळकावतो. ती वाचूनच त्याचं मन पालटतं. म्हणजे पत्रं लिहायची तिने, चोरायची त्याने आणि सुधारल्याबद्दल कौतुकही त्याचंच. मग लग्न. तिच्या सद्गुणाचं बक्षीस म्हणून तिला काय मिळतं? तोच! हेन्री फील्डिंगला हसू आवरलं नाही. पुढच्याच वर्षी त्याने ‘शमेला’ नावाचं विडंबन काढलं. अशा लोकांकडे लक्ष देऊ नका.

पायरी ४ : आग लावा, पण जपून

‘जेन एअर’मध्ये (१८४७) रॉचेस्टर पहिली बायको तिसऱ्या मजल्यावर कोंडून घरच्या गव्हर्नेसशी लग्नाला उभा राहतो. शार्लट ब्राँटे त्याचा वाडा जाळते, हात आणि दृष्टी घेते. ही शिक्षा सोयीची, कारण ती आकाशातून पडते. नायकाला कुणापुढे उभं राहून जाब द्यावा लागत नाही.

एका बाबतीत मात्र बाईंचं अनुकरण टाळा. आगीच्या आधी जेन घर सोडून जाते, उपाशी भटकते, पुढे काकाचा वारसा म्हणून वीस हजार पौंड मिळवते आणि भावंडांत वाटून पाच हजार स्वतःकडे ठेवते. परत येते ती पगारासाठी नव्हे. इथेच घोटाळा होतो. नायिकेच्या हाती पैसा आला की ती परतेलच याची खात्री उरत नाही.

वरच्या मजल्यावरची ती पहिली बायको, बर्था, छपरावरून उडी घेते आणि तिचा हिशेब तसाच राहतो. तो जीन ऱ्हिसने १९६६ साली ‘वाइड सारगॅसो सी’मध्ये मांडला. तब्बल ११९ वर्षं! तोवर तुमचे मालिकेचे हक्क विकून झालेले असतील.

पायरी ५ : ‘नाही’ म्हणायची सोय ठेवू नका

बर्नार्ड शॉच्या ‘पिग्मॅलियन’मध्ये (पु. लं.च्या ‘ती फुलराणी’चं मूळ) इलायझा तिला शिकवणाऱ्या प्राध्यापकाला सोडून चालती होते. १९१४च्या लंडनच्या प्रयोगात प्राध्यापक झालेल्या हर्बर्ट बीरबोम ट्रीने पडदा पडता पडता तिच्याकडे फुलं फेकून शेवट गोड केला. शॉ संतापला. छापील नाटकाला त्याने पुरवणी जोडली की इलायझा लग्न करते ते फ्रेडीशी. प्रेक्षक अजूनही ट्रीच्या बाजूने आहेत. तुम्हीही तिथेच उभे राहा.

कालिदासाकडूनही एक फट राहिलीच. सातव्या अंकात राजा अंगठी पुन्हा तिच्या बोटात घालू पाहतो, तेव्हा शकुंतला म्हणते, माझा हिच्यावर विश्वास नाही, तुम्हीच घाला. रोख अंगठीवर आहे की घालणाऱ्यावर, हे विचारायला कुणाला सवड मिळण्याआधीच मारीच ऋषी शापाची हकिगत सांगून टाकतात. तुमच्याकडेही असा एखादा मारीच तयार ठेवा.

नेहमीची शंका

*नायकाने सरळ “मला माहीत होतं, तरी मी केलं, आता तुला काय हवंय?” असं विचारलं तर चालेल का?*

चालेल. पण मग तिची नोकरी आधी त्याच्या हाताखालून काढावी लागेल, तिला विचार करायला वेळ द्यावा लागेल आणि ती “काही नको, तू जा” म्हणाली तर त्यालाच गोष्टीचा शेवट मानावं लागेल. त्यात दोन तासांचा विवाह विशेष भाग बसत नाही. चॅनेलला आधी विचारून घ्या.