बुधवारी कोणी येत नाही

कायद्याच्या कागदांत फोडणीची मोहरी सापडेल, असं मला कधी वाटलं नव्हतं. बाल न्याय कायदा २०१५ चा, त्याखालचे केंद्राचे आदर्श नियम २०१६ चे. त्या नियमांत बालगृहातल्या मुलांच्या जेवणाचं कोष्टक आहे. डाळ माणशी १२० ग्रॅम, तेल २५ ग्रॅम, साखर ४० ग्रॅम. इथवर ठीक आहे, सरकार म्हटलं की वजनकाटा आलाच. पण पुढे पन्नास मुलांमागे रोजची मोहरी ५० ग्रॅम, जिरं २५ ग्रॅम, ओवा ५० ग्रॅम! आणि 'चिकनच्या दिवशी' काय करायचं ते तर वेगळंच: दहा किलो चिकनला खोबरं १५० ग्रॅम, खसखस १५० ग्रॅम, गरम मसाला १० ग्रॅम. शेवटचा आकडा मी आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या मावशींना वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, "कुणी आजारी आहे का?"

मला मात्र ते कोष्टक आवडलं. मंत्रालयातल्या फायलींच्या ढिगात कोणीतरी खसखशीचा विचार केला होता. त्याच नियमांत असंही आहे, की मुलांचा दिनक्रम भिंतीवर लावावा आणि त्यात रविवार, सुट्ट्या, राष्ट्रीय सण, सणवार आणि वाढदिवस यांचे खास कार्यक्रम असावेत. नियम करणाऱ्याला बहुधा भीती होती, की संस्थेच्या धबडग्यात मुलांचे सण राहून जातील. त्याने आमचं बावधन पाहिलेलं नसावं.

बावधन म्हटलं की वाईकडच्या लोकांना बगाडाची यात्रा आठवते. ते बावधन वेगळं. आमचं मुळशीतलं. इथे बगाड नाही, चांदणी चौक आहे, आणि २०२२ साली तिथला जुना पूल पाडेपर्यंत तिथे अडकणं हीच आमची यात्रा होती. आता नवे पूल झाल्यापासून पुण्यातली माणसं सुट्टीच्या दिवशी भराभर मुळशीकडे सुटतात. त्यातल्या काहींच्या मागच्या सीटवर केक असतो. कारण या बाजूला, पौड रस्त्याने थोडं आत-बाहेर, मुलांसाठी काम करणाऱ्या संस्था आहेत. भूगावची 'मानव्य' त्यातली नावाजलेली. एचआयव्हीसह जगणाऱ्या मुलांना जवळ करायला नातेवाईकही बिचकत होते, त्या काळात, १९९७ साली, विजयाताई लवाटे यांनी ती सुरू केली. पुढचं जे लिहितो आहे ते मात्र या किंवा कुठल्याच एका संस्थेबद्दल नाही. थोड्याफार फरकाने ते सगळीकडचं आहे.

तर सण. बालगृहाचं वर्ष चैत्रात सुरू होत नाही, जूनमध्ये होतं. शाळा उघडली की वह्या येतात. पुष्कळ येतात. दोनशे पानी, एकरेघी. चौरेघी हव्या असतात, त्या कोणालाच सुचत नाहीत. कंपासपेट्या इतक्या येतात की एकेका मुलाकडे दोन-दोन, आणि खोडरबर मात्र अख्ख्या खोलीत एक. मग ऑगस्ट. पंधरा तारखेला झेंडा, जिलेबी आणि तीन वेगवेगळ्या मंडळांची तीन वेगवेगळी भाषणं. राखीपौर्णिमेला कॉलेजच्या मुली येतात. त्या दिवशी चौथीतल्या एका पोराच्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत अकरा राख्या मी पाहिल्या. हात वाकवता येत नव्हता म्हणून तो डाव्या हाताने जेवत होता, आणि कोणी विचारलं की प्रत्येक राखीचं नाव सांगत होता: ही इंजिनिअरिंगची ताई, ही फार्मसीची, ही रडकी.

वाढदिवस तर बारमाही. मुलांचे नव्हे, पाहुण्यांच्या मुलांचे. या मुलांतल्या कित्येकांची जन्मतारीख अंदाजाने ठरवलेली असते. त्यात आपल्याकडे नवल काही नाही म्हणा. मुळशी तालुक्यातली आमच्या आधीची निम्मी पिढी शाळेच्या दाखल्यावर १ जूनलाच जन्मली आहे. पण पाहुण्यांच्या मुलाची तारीख पक्की असते, आणि त्या तारखेला अनोळखी पन्नास जणांनी त्याच्यासाठी टाळ्या वाजवायच्या असतात. एकदा असाच एक पाच वर्षांचा उत्सवमूर्ती पन्नास तोंडं आपल्याकडे पाहताहेत म्हटल्यावर भोकाड पसरून रडायला लागला. आई-बाबा कॅमेरा धरून "स्माइल कर, स्माइल कर" म्हणत राहिले. शेवटी तिथलीच एक दहा वर्षांची मुलगी उठली, सवयीने त्याला कडेवर घेतलं आणि मागच्या अंगणात मांजराची पिल्लं दाखवायला घेऊन गेली. तिने असे बरेच गप्प केले असणार. इकडे तिच्याहून मोठीने सुरी हातात घेऊन दीड किलोच्या केकचे बावन्न तुकडे पाडले. एकसारखे. इंजिनिअरिंगच्या ताईलाही जमलं नसतं. केक वाटताना एक बारका शेजारच्याला हळूच म्हणाला, "पाइनॅपल आहे. परवाचा चॉकलेट बरा होता."

भाद्रपद आला की गणपतीचे मोदक, आणि मग पितृपक्ष. याचा हिशोब मला आधी ठाऊक नव्हता. हल्ली घरी पान वाढायला, कावळ्याची वाट पाहायला सवड नसते. मग बाबांच्या तिथीला बालगृहात जेवण सांगतात. पंधरवडाभर खीर, वडे, आमसुलाची चटणी, भोपळ्याची भाजी. ज्यांना स्वतःच्या आजोबांचं नाव माहीत नाही अशी मुलं कोथरूड-बावधनच्या समस्त आजोबांची नावं जेवणाआधी ऐकतात, हात जोडतात आणि खिरीवर तुटून पडतात. यात वाईट वाटण्यासारखं काही आहे असं मला वाटत नाही. कावळ्यापेक्षा ही पोरं प्रामाणिक. घास आवडला नाही तर सरळ ताटात ठेवतात.

दिवाळीचं काय सांगावं. चार दिवसांत चिवड्याचे इतके डबे येतात की कोठीघरात उभं राहायला जागा उरत नाही. चकल्या मऊ पडतात, लाडू वाटीने ठोकून फोडावे लागतात. आणि गंमत अशी, की ते खायला निम्मी मुलं जागेवर नसतातच. कारण बालगृहातली सगळीच मुलं अनाथ नसतात. बऱ्याच जणांना आई असते, पण तिच्याकडे घर नसतं. किंवा बाप असतो, आणि नसता तर बरं अशी स्थिती असते. आजी असते, मामा असतो. बालकल्याण समितीची परवानगी घेऊन ही मुलं दिवाळीत आणि मे महिन्यात घरी जातात.

जाणाऱ्यांची पिशवी दहा दिवस आधी भरून तयार असते आणि रोज एकदा उपसली जाते. एखाद्या मुलीची आई "शनिवारी येते" म्हणते आणि शनिवारी तिचा फोन बंद लागतो. त्या संध्याकाळी मुलांना सांभाळणाऱ्या ताई काही बोलत नाहीत, तिला आपल्या हाताखाली पोळ्या लाटायला घेतात. ज्यांना कोणीच न्यायला येणार नाही हे पक्कं आहे, ती मुलं त्या मानाने निवांत. त्यांना टीव्हीचा रिमोट मिळतो, पंख्याखालची जागा मिळते, दोन-दोन गाद्या मिळतात.

खरी मजा जूनमध्ये, सगळी परत आली की. घरून आलेली मुलं डोक्यात उवा आणि तोंडात थापा घेऊन येतात. मामाचं घर तीन मजली होतं, मामाकडे बुलेट आहे, मामा पोलिसात आहे. मागे राहिलेली मुलं तेवढ्याच तयारीची असतात. आम्ही सिंहगडावर गेलो, तिथे बिबट्या दिसला, ताईंनी आम्हाला रोज आइस्क्रीम दिलं. दोन दिवस हा सामना चालतो. कोणी कोणाचं खोटं उघडं पाडत नाही. तेवढी सभ्यता आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेत मी पाहिलेली नाही.

इतके सगळे सण. आणि त्यांच्या अधेमधे बुधवार असतो.

बुधवारी साडेपाचला घंटा होते. न्हाणीघरासमोर बादल्यांची रांग लागते, आणि बादली हीच रांगेतली हजेरी असल्याने तिच्या मालकाला परत जाऊन झोपता येतं. मुलींच्या बाजूला ओसरीवर वेण्यांची आगगाडी लागते: पहिलीच्या मागे दुसरी, दुसरीच्या मागे तिसरी, जी ती पुढचीची वेणी घालते. शेवटच्या डब्याची वेणी कोण घालणार यावर रोज भांडण. मुळशीकडचा पाऊस सुरू झाला की पन्नास गणवेश आणि शंभर मोजे वाळवायचे असतात. ढग डोंगरावरून हलत नाहीत आणि मोजे दोरीवरून. ओल्या मोज्यांना तव्यावर वाळवण्याचं शास्त्र ज्याने शोधलं तो मुलगा पुढे बारावी होऊन नोकरीला लागला, पण त्याचं नाव तव्यापाशी अजून निघतं. प्रत्येक कपड्यावर रंगीत दोऱ्याची खूण असते, हिरवा दोरा कोणाचा, तांबडा कोणाचा, ते ताई झोपेतही सांगतील. संध्याकाळी प्रार्थना, मग अभ्यास. आठवीच्या बीजगणितापाशी गाडी अडते. ताईंचं शिक्षण त्याच सुमाराला थांबलेलं असतं, आणि त्यांना तेव्हा कोथिंबीर निवडायची असते.

त्या बुधवारी केक नसतो, आणि कॅमेराही नसतो. कॅमेऱ्याची गोष्ट सांगायला हवी. बाल न्याय कायद्याच्या ७४ व्या कलमानुसार अशा मुलांची ओळख पटेल असा फोटो प्रसिद्ध करायला बंदी आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हे समजल्यापासून हुशार मंडळी मुलांच्या चेहऱ्यांवर पिवळी स्मायली चिकटवून फोटो ग्रुपवर टाकतात. मग चित्रात पन्नास पिवळे गोळे, एक केक आणि मधोमध केक आणणारे काका. पाहुण्यांच्या बाबतीत परदेशात तरी वेगळं काय आहे? केनिया-युगांडातल्या अनाथालयांत सुट्टीचे दोन आठवडे घालवायला युरोप-अमेरिकेतून तरुण मुलं-मुली जातात, तिथल्या पोरांना लळा लावतात आणि विमानात बसतात. हा प्रकार मुलांना बाधतो हे आता जाणकार उघड बोलतात. आमचे काका निदान तासाभरात निघतात. लळा लावण्याइतका वेळ त्यांच्याकडे नसतो, हा त्यातल्या त्यात फायदा.

टिंगल करणं सोपं आहे, मला कळतं. आलेला माणूस चांगल्या मनानेच येतो, आणि केक वाईट नसतो. बिघडतो तो हिशोब. पन्नास मुलांना तीनशे पासष्ट दिवस भूक लागते आणि माणुसकीचं आपलं पंचांग वीस-पंचवीस दिवसांचं.

हा हिशोब आपल्याच शेजारी एका गणिताच्या प्राध्यापकाने फार पूर्वी सोडवला होता. धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ साली अनाथ बालिकाश्रम काढला. १९०० साली तो हिंगण्याच्या माळावर एका झोपडीत आला. सहा एकर जागा आणि साडेसातशे रुपये रावबहादूर गोखल्यांनी दिले होते. फर्ग्युसनमध्ये गणित शिकवून कर्वे पायी हिंगण्याला जायचे, पावसाळ्यात चिखल तुडवत, सामान घेऊन. तो बुधवारचा माणूस. सणाच्या ओवाळणीचं करायचं काय, हे त्यांच्या संस्थेने ठरवलं. भाऊबीजेला बहिणीच्या ताटात भाऊ जे घालतो, त्यातलं थोडं आश्रमातल्या बहिणींसाठीही द्या, असं म्हणत कार्यकर्त्या दारोदार फिरल्या. भाऊबीज निधी उभा राहिला, आणि शंभराहून अधिक वर्षं झाली तरी चालू आहे. देणाऱ्याला सणाचं समाधान त्याच दिवशी मिळतं. पैसे मात्र पुढे वर्षभर, कुठल्या तरी फीसाठी, कुठल्या तरी बुधवारच्या भातासाठी खर्च होतात. लाडू टिकत नाही, ओवाळणी टिकते. गणिताचा माणूस म्हणून त्यांना हे जमलं असेल, की रोज चालून जात म्हणून, कोण जाणे. मला दुसरं जास्त खरं वाटतं.

तेव्हा बावधन, भुसारी कॉलनी, पाषाण, सूस, भूगाव इथल्या सर्व वाचकांना सांगणं असं: केक न्यायचा असेल तर खुशाल न्या, फक्त आधी फोन करा आणि त्या आठवड्यात आणखी किती केक ठरले आहेत ते विचारा. जुने कपडे धुऊन द्या. चौरेघी वह्या, खोडरबर, मुलींसाठी पॅड, अंतर्वस्त्रं, गव्हाचं पोतं, गॅसचं बिल, यांतलं काय हवं ते ताई तुम्हाला न लाजता सांगतील. आणि तुमचं बीजगणित अजून शाबूत असेल, तर बुधवारी संध्याकाळी सहा ते साडेसात आठवी-नववीच्या मुलांना माणूस हवा आहे. संस्था तुमची ओळखपत्रं मागेल, पोलीस पडताळणीचा दाखला मागेल. रागावू नका, मागायलाच हवा. वर्षभर यायची तयारी असेल तरच हो म्हणा. नसेल तर गव्हाचं पोतं चालेल.