पीपीएम काका

आमच्या सहकारनगरातल्या सोसायटीत किराणा माल थेट घरी पोचत नाही. पहिल्या मजल्यावर त्याची तपासणी होते. जिन्यात पिशवीची सळसळ झाली की डावीकडचं जाळीचं दार उघडतं आणि गळ्यात दोरीनं भिंग अडकवलेले काका बाहेर येतात. "बघू," एवढंच म्हणतात. आपण दाखवतो. नाही दाखवलं तर ते आपल्या घरापर्यंत येतात, आणि मग चहा करावा लागतो.

दारावरच्या पाटीवर त्यांचं नाव वेगळं आहे, पण ते आता फक्त पोस्टमनला ठाऊक असेल. आम्हां सगळ्यांचे ते पीपीएम काका. पीपीएम म्हणजे दशलक्ष भागांत किती भाग. शाळेत आपण हे कधीतरी घोकलं आणि सोडून दिलं. काकांना ते साठीनंतर सापडलं, त्यामुळे सोडवत नाही. चहात साखर किती घालू, या प्रश्नावर "दहा हजार पीपीएम" असं उत्तर देणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही. हिशेब केला तर ते कपाला जेमतेम पाव-अर्धा चमचा होतात. काकू दोन चमचे घालतात. काका घोट घेऊन म्हणतात, "आता कसं प्रमाणात झालं."

त्यांचं रसायनशास्त्राशी कॉलेजातलं काही नातं नाही. उभी हयात जकात नाक्यावर गेली. ट्रक थांबवायचा, ताडपत्री वर करायची, बिलात काय लिहिलंय आणि पोत्यात काय आहे ते ताडून बघायचं. पुण्यातली जकात 1 एप्रिल 2013 पासून गेली. काका त्याच्या थोडं आधीच निवृत्त झाले होते. नाका गेला, नजर मात्र शाबूत राहिली, आणि ती कुठेतरी लावायला तर हवी होती.

ती लावायची सोय केली ती ब्रेडनं. मे 2016 मध्ये दिल्लीच्या एका संस्थेनं ब्रेड आणि पावाचे 38 नमुने तपासले आणि त्यातल्या 32 मध्ये पोटॅशियम ब्रोमेट किंवा आयोडेट निघालं. ब्रोमेटनं कणीक ताणली जाते, पाव टम्म फुगतो. भट्टीत ते सगळं मोडून निरुपद्रवी व्हावं अशी अपेक्षा असते, पण भट्टी अपेक्षेवर चालत नाही. ब्रिटननं ते 1990 सालीच बंद केलं होतं. बातमी वाचली त्या संध्याकाळी काकांनी घरातला पाव बंद केला. जूनमध्ये सरकारनं ब्रोमेटला मनाई केली. "बघा," काका म्हणाले, "मी मे महिन्यात, सरकार जूनमध्ये." तेव्हापासून देशातला प्रत्येक नवा नियम आपल्या पाठोपाठ येतो, अशी त्यांची प्रामाणिक समजूत आहे.

त्यांचा आवडता आकडा 90. घरगुती रंगांत शिसं 90 पीपीएमपेक्षा जास्त नको, हा नियम 2016 साली निघाला आणि 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला. किलोभर रंगात नव्वद मिलिग्रॅम. पूर्वी पिवळा-केशरी रंग उजळ यावा, थर लवकर वाळावा, म्हणून शिशाची संयुगं सढळ हातानं घातली जायची. आता डब्यावर तसं छापावं लागतं.

सोसायटीचा कठडा रंगवायला घेतला तेव्हा रंगाऱ्यानं लेबल नसलेल्या डब्यातला पिवळाधमक ऑइलपेंट आणला होता. काका तिसऱ्या पायरीवर आडवे उभे राहिले.

"काका, कठडा आहे, चाटायचा थोडाच?"

"तुला पोरं किती?"

"एक. दीड वर्षाचं."

"त्याला आज संध्याकाळी इथं आणून सोड. काय करतं ते आपण दोघं बघू."

रंगारी काही बोलला नाही. डबा उचलला आणि गेला. पुढचे कितीतरी दिवस कठडा अर्धा पिवळा आणि अर्धा गंजका राहिला, येणारे-जाणारे काकांना लाखोली वाहत राहिले. मला स्वतःला त्या दिवशी काका शंभर टक्के पटले. लहान मुलांच्या बाबतीत शिशाची सुरक्षित म्हणावी अशी पातळीच सापडलेली नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. पण काकांचं दुखणं असं की, त्यांना सगळे आकडे सारख्याच ताकदीचे वाटतात. शिशाचे नव्वद आणि आंबा पिकवायच्या इथिलीनचे शंभर त्यांच्या लेखी भाऊ-भाऊ. कार्बाइडनं आंबा पिकवायला बंदी आहे, कारण त्याच्या वायूबरोबर आर्सेनिक आणि फॉस्फरसचे अंश येऊ शकतात. इथिलीन तर आंबा स्वतःच सोडतो, म्हणून बाहेरूनही शंभर पीपीएमपर्यंत चालतं. काकांनी आंबेवाल्याला विचारलं, "शंभरच्या आत आहे ना?" तो म्हणाला, "काका, मोजू कशानं?" काकांनी पेटीत नाक घातलं आणि बराच वेळ बाहेर काढलं नाही. शेवटी आंबेवाल्यानंच दोन आंबे फुकट देऊन त्यांना सोडवलं.

वाढदिवसाला त्यांना बोलवावं की नाही, यावर आमच्याकडे दुमत आहे. खेळण्यांना 1 जानेवारी 2021 पासून आयएसआय शिक्का सक्तीचा झाला, तेव्हापासून रिटर्न गिफ्ट आधी त्यांच्या हातात जातं. शिक्क्याखालचा परवाना क्रमांक ते बीआयएस केअर ॲपवर घालून बघतात. मुलं रांगेत. "आठ मूलद्रव्यं तपासतात," काका रांगेला समजावतात, "अँटिमनी, आर्सेनिक, बेरियम, कॅडमियम, क्रोमियम, शिसं, पारा, सेलेनियम." चौथीतल्या एका मुलीला ती पाठ झाली आहेत. तिच्या आईला हे आवडलेलं नाही, कारण तिला अजून सतराचा पाढा येत नाही.

वडापाववाल्यापुढे मात्र काका हरले. अन्न छापील वर्तमानपत्रात गुंडाळायचं नाही, हे 2018 च्या पॅकेजिंग नियमांतच आहे. शाईतली द्रव्यं गरम तेलात उतरतात. म्हणून काका घरून स्टीलचा डबा नेतात. वडापाववाल्यानं डबा घेतला, उघडला, तळाला व्यवस्थित घडी घालून पेपर अंथरला आणि वर वडे ठेवले. "तेल शोषून घेतं काका, तुमचा डबा खराब नको." एवढ्या मायेनं केलेल्या गुन्ह्यावर काय कारवाई करायची, ते जकातीच्या नियमावलीत नव्हतं.

काकांची धाकटी सून म्युनिकला असते. जेल नेलपॉलिश दिव्याखाली कडक करणारं टीपीओ नावाचं द्रव्य युरोपीय संघानं 1 सप्टेंबर 2025 पासून बंद केलं, प्रजननाला घातक या वर्गात ते बसवलं म्हणून. तिनं व्हिडिओ कॉलवर हे सहज सांगितलं. दुसऱ्या दिवशी काका गल्लीतल्या पार्लरच्या दारात. 'फक्त महिलांसाठी' या पाटीपुढे त्यांना थांबावं लागलं. नाक्यावरचा माणूस, पाटीचा मान राखतो. त्यांनी बाहेरूनच "बाटली दाखवा" असा आवाज दिला आणि आत डोक्याला मेंदी लावून बसलेल्या काकूंनी तो ओळखला.

काकू हे वेगळंच प्रकरण आहे. काका मथळा वाचतात, काकू बातमी. पाकिटांवरचे खाद्यरंगांचे क्रमांक, 102, 110, 122, 124, 127, 133, काका वर्गात हजेरी घ्यावी तसे वाचतात. अमेरिकेनं जानेवारी 2025 मध्ये 127, म्हणजे एरिथ्रोसिन, खाण्यातून काढायचं ठरवलं आणि कंपन्यांना जानेवारी 2027 पर्यंत मुदत दिली. आपल्याकडे तो परवानगी असलेल्या रंगांत आहे. केकवरची चेरी काकांनी ताटाच्या कडेला सारली.

"कॅन्सर उंदरांना झाला होता," काकू म्हणाल्या. "माणसांत तसा पुरावा नाही, असं त्यांच्याच खात्यानं म्हटलंय. कायद्यात कलम आहे म्हणून काढावं लागलं."

"कलम आहे ना? झालं तर मग!"

"आणि लिपस्टिकमधून त्यांनी तो 1990 सालीच काढला होता. ओठाला लावायचा नाही, पण गिळायला हरकत नाही. पस्तीस वर्षं."

काकांना हे ठाऊक नव्हतं. ते एवढे व्यथित झाले की चेरी काकूंनी खाल्ली ते त्यांना दिसलं नाही.

आता नवीनच भानगड झाली आहे. कोपऱ्यावरच्या शेठनं धंद्याची नस ओळखली. काकांनी भिंग लावून परत ठेवलेल्या वस्तूंचा त्यानं वेगळा खण केला आणि वर खडूनं लिहिलं : 'काका पास'. माल भराभर खपायला लागला. काका संतापले. परवान्याशिवाय प्रमाणचिन्ह वापरणं हा गुन्हा आहे, त्यांनी शेठला सुनावलं, आणि आपण कुणालाही परवाना दिलेला नाही. रेघी कागदावर तशी नोटीस लिहिली, एक प्रत स्वतःकडे ठेवली, पोच घेतली. शेठनं मुकाट्यानं पाटी पुसली. पण गिऱ्हाईक ऐकेना. "यावर काकांचं काही नाही का?" म्हणून लोक साबण परत ठेवायला लागले. दिल्लीत राजपत्र निघतं, तारीख ठरते, पण आमच्या गल्लीत त्यातलं कुणी येऊन बघितल्याचं कुणाला आठवत नाही. भिंग घेऊन येणारा हा एकच माणूस लोकांनी पाहिलाय.

अखेर शेठ हात जोडून घरी आला. रोज सकाळी दोन तास गल्ल्याशेजारी बसा, म्हणाला, चहा माझा, स्टूल माझं. काका विचारात पडले. काकूंनी तर लगेच होकार देऊन टाकला. शेवटी काकांनी एकच अट घातली : स्टुलाला कुठला रंग दिलाय, त्याचा डबा आधी दाखवायचा.