सहा टनांचा शहाणपणा

जुना लष्करी ट्रक लिलावात घेऊन तो अंगणात खोलून बसणाऱ्या माणसाला लोक वेड्यात काढतात. माझं म्हणणं उलट आहे. हात काळे करायची हौस असेल, तर याहून शहाणी खरेदी दुसरी नाही. अमेरिकी सैन्याचा एम-३५ घ्या. १९५० च्या दशकातली ही जात, रिकामी असतानाच जवळपास सहा टनांची. तिला म्हणतात मात्र अडीच टनी, कारण रानावनातून तेवढंच ओझं न्यायचं. डांबरी रस्त्यावर पाच टन चालतं. हा ट्रक दुरुस्त कोण करणार होतं? कालपरवा भरती झालेलं, पाना कुठून धरायचा तेही न कळणारं पोरगं, तेही अंधारात आणि चिखलात. या पोरांवर सैन्याचा इतका ‘विश्वास’ होता, की १९५१ पासून देखभालीचं एक सचित्र मासिकच निघालं, ‘पी. एस.’ नावाचं. चित्रं विल आइस्नरसारख्या दिग्गजाची आणि त्यात जो डोप नावाचा एक नमुनेदार गबाळा. ज्या यंत्राला जो डोपच्या हाती टिकायचं होतं, ते रविवारी दुपारी एखाद्या बँकेतल्या कारकुनाच्या हाती का टिकू नये? चालू करायला किल्लीसुद्धा लागत नाही. खिट्टी फिरवा, बटण दाबा. चोरी होईल म्हणाल, तर चोराने तो लपवायचा कुठे?

पितो किती, हा पहिला आक्षेप. लिटरला चारेक किलोमीटर, आणि इथे वकिली करण्यात अर्थ नाही. मात्र १९६० च्या दशकात त्यात बसवलेलं इंजिन डिझेल, रॉकेल, विमानाचं इंधन असं काहीही पचवतं, म्हणून हौशी मंडळी हॉटेलातलं वापरलेलं तेल गाळून ओततात. ट्रक गेला की गल्लीभर तळणीचा वास. ब्रेकचा आक्षेप जास्त गंभीर आहे. सगळ्या चाकांचं ब्रेकऑइल एकाच मार्गाने जातं, एक नळी फुटली की सगळंच गेलं. तिथे दुहेरी मार्गाचा मास्टर सिलिंडर बसवण्याला मी हौस म्हणणार नाही. सहा टनांना नुसत्या सदिच्छेने थांबवता येत नाही.

सोवळे लोक म्हणतील, मूळ रूप बिघडवू नका. पण सैन्याने स्वतःच या सांगाड्यावर पाण्याची टाकी, इंधनाची टाकी, डंपर, फिरतं वर्कशॉप असं काय काय चढवलं होतं. त्यामुळे मागचा एक ॲक्सल काढून, चासी कापून ट्रक आखूड करणाऱ्यांना मी नावं ठेवत नाही. माझा राग आहे तो गालिचा, एसी आणि टचस्क्रीन बसवणाऱ्यांवर. साधेपणासाठी घेतलेल्या यंत्रात ते वायरींचं असं जंजाळ करतात, की पुढच्या बिघाडाला जो डोप सोडाच, आइस्नरही हात टेकेल. आवाजाचा त्रास होत असेल तर कानात बोळे घालावेत. शेजारच्या सीटवरचं बोलणं ऐकू येणार नाही हे खरं, पण तिथे बसलेलं माणूस बहुधा ट्रकच्या खर्चाबद्दलच बोलत असतं.